कोवळ्या भोपळ्याचं कार्ड

कौमुदी वैशंपायनला लहानपणापासून एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं कारण कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं लोणावळ्याला का सोडतात, हे विचारायला ती शाळकरी वयात एकटीच स्टेशनावर गेली होती आणि शेवटी एका हमालाने तिला हाताला धरून घरी पोचवलं होतं. तिची आई इंदिराबाई हा किस्सा अजून आल्यागेल्याला सांगते आणि वर म्हणते, "नसत्या चौकशा करायला हिला कुणी शिकवावं लागलं नाही." पुढे लग्न होऊन कौमुदी तळेगावात आली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी खोड काही सुटली नाही. बरंच झालं म्हणायचं, कारण तिच्या नोकरीत तिला पदवीपेक्षा ही खोडच जास्त कामाला येत होती.

नोकरी विशेष शिक्षिकेची. मावळातल्या गावोगावच्या शाळांमध्ये अशी काही मुलं असतात की ज्यांच्यापुढे नेहमीची प्रश्नपत्रिका ठेवणं आणि दगड ठेवणं सारखंच. बुद्धीची वाढ फार मागे राहिलेली, बोलणं मोजकं, लिहिणं जवळजवळ नाहीच. अशा मुलांना शिकवायचं आणि त्यांच्यासाठी वेगळी चाचणी तयार करून ती घ्यायची, हे तिचं काम. स्कूटरला मोठी पिशवी लटकवून ती रोज एका गावाला जायची. पिशवीत चमचे, वाट्या, साबणाची वडी, दोऱ्यांची रिळं आणि कार्डांचा गठ्ठा. एकदा पेट्रोलपंपावरच्या पोराने ती पिशवी पाहून विचारलं होतं, "मावशी, भांड्याचं दुकान हाय का?"

बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की हमखास एक प्रश्न यायचा: "म्हणजे काय, चमचा ओळखला की पास?" हे ऐकलं की कौमुदीच्या कपाळावरची शीर उडायची. "वर्ग जो धडा शिकतो ना, तोच धडा," ती तिथेच पिशव्या खाली ठेवून सांगायला लागायची. "फक्त मुलाच्या घासाएवढा करायचा. तुम्हाला अख्खी भाकरी एका घासात जाते का?" समोरचा माणूस भाजी घ्यायची विसरून मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी लांबूनच वळायचा.

कार्डांवरूनही तिची भांडणं झाली होती. पहिल्या वर्षी तिला छापील कार्डांचा संच मिळाला, त्यात पेंग्विन, अननस आणि बर्फाचं घर. "अहो, नवलाख उंबऱ्यासारख्या गावात पेंग्विन कुठून आणू?" असं तिने वर विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. तेव्हापासून ती स्वतःच मोबाईलवर फोटो काढायला लागली. ज्या मुलाची चाचणी, त्याच्याच घरातली चूल, त्याचीच म्हैस, त्याचीच बादली. फोटो छापून, स्टेशनाजवळच्या दुकानात वर प्लास्टिक चढवून घ्यायचे. मुलाच्या घरातलंच मुलाला विचारा, म्हणजे उत्तर आपोआप येतं, असं तिचं मत होतं. या मतावर तिचा फार जीव होता, आणि त्याच मताने तिला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. ती ही गोष्ट.

राजेश्वरी नवलाख उंबऱ्याची. गावाला लागूनच एमआयडीसी, त्यामुळे बाप निलेश एका कंपनीत मशीनवर आणि आई सविता दुसऱ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. आजी झुंबरबाई मात्र अजून शेत आणि दोन म्हशी सोडायला तयार नव्हती. राजेश्वरी आठवीच्या वर्गात बसायची. उंच, धडधाकट, हसली की सगळं तोंडभर हसणार. शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: आई, आजी, नको, बस आणि अम्मी. अम्मी म्हणजे अमृता, तिच्या बाकावरची मैत्रीण. अमृता तिची रिबीन बांधायची, डबा उघडून द्यायची आणि कुणी चिडवलं तर त्याला चोपही द्यायची.

आता आठवी संपत आली होती आणि गावातली शाळा आठवीपर्यंतच. अमृता पुढे हायस्कूलला जाणार हे ठरलेलंच. राजेश्वरीला हायस्कूलने घेतलं तर ती अमृताबरोबर जाणार, नाहीतर घरी बसणार आणि कौमुदीसारखं कुणीतरी अधूनमधून घरी येऊन शिकवणार. घरी बसणं म्हणजे काय हे सविता जाणून होती. आईबाप कंपनीत, आजी शेतावर, म्हणजे पोरगी दिवसभर दोन म्हशींच्या सोबतीला. ते नको असेल तर सविताने काम सोडायचं. आणि राजेश्वरी तर रविवारीसुद्धा दप्तर पाठीला लावून दारात उभी राहणारी. तिला काय सांगायचं?

हायस्कूलचे मुख्याध्यापक सुहास सर. मूळचे सुदुंबऱ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण शाळेत शिकवून शिकवून बोलणं अगदी पुस्तकी झालेलं. माणूस सरळ होता. कौमुदी भेटायला गेली तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि मनातलं स्पष्ट सांगून टाकलं.

"मॅडम, तुमची वेगळी चाचणी मला मान्य आहे. बाकावर जागाही आहे. पण आमच्याकडे सगळं पुस्तकातून आणि फळ्यावरून चालतं. प्रत्येक तासाला मी खरी वाटी आणि खरा बेडूक कुठून आणू? चित्र म्हणजे काय, हे तिला कळतं का, एवढंच मला दाखवा. कागदावरची वस्तू आणि खरी वस्तू यांची गाठ तिच्या डोक्यात बसते का? बसत असेल तर माझी ना नाही. नसेल बसत, तर नुसतं बसवून ठेवण्यात तिचेच हाल आहेत."

कौमुदीला यावर भांडता आलं नाही. कारण राजेश्वरीच्या जुन्या अहवालांत पूर्वीच्या कुणीतरी लिहून ठेवलंच होतं की हिला चित्रं कळत नाहीत, प्रत्यक्ष वस्तूच लागते. ते खरं की खोटं, हे कौमुदीलाही जाणून घ्यायचं होतं. "चाचणीला तुम्ही स्वतः बसा," ती सरांना म्हणाली.

त्याआधीचं सबंध वर्ष कौमुदी आणि राजेश्वरीने एका बोटावर घालवलं होतं. राजेश्वरीला काही दाखवायला सांगितलं की ती तर्जनी मोडायची, म्हणजे आखडून घ्यायची, आणि मधला सांधा वस्तूवर टेकवायची. कधी कधी सगळी मूठच ठेवून द्यायची. कार्डं लहान आणि मूठ मोठी, त्यामुळे ती नक्की काय दाखवतेय हेच समजायचं नाही. मग कौमुदीने तिचं बोट हळूच उलगडायचं आणि म्हणायचं, "सरळ, राजी. बोट सरळ." रोज हेच. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी राजेश्वरीने आपणहून बोट सरळ केलं, बादलीच्या कार्डावर नेमकं टेकवलं आणि वर पाहून हसली. त्या दिवशी तळेगावला परतताना कौमुदीने स्वतःसाठी पेढे घेतले आणि स्कूटरवर बसूनच खाल्ले.

चाचणीसाठी धडा निवडला तो वनस्पतीच्या वाढीचा. वर्गातली मुलं परागकण आणि बीजांड पाठ करत होती. त्यातला राजेश्वरीच्या घासाएवढा तुकडा असा: बी पेरलं की वेल येतो, वेलाला फूल येतं, फुलामागे फळ धरतं. कौमुदी शिमग्याच्या सुमारास तिच्या घरी गेली. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला भोपळ्याचा वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसला होता. पिवळीधमक फुलं होती आणि एका ठिकाणी मुठीएवढा कोवळा भोपळा, टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं. कौमुदीला हर्षच झाला. धड्यातलं सगळं वाक्य एका फळात लटकत होतं! स्टुलावर चढून तिने फोटो काढले. खाली झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"फोटू कशाला काढतायसा बाई? पिकल्यावर भोपळाच न्या की आख्खा."

परीक्षेत भोपळा मिळतो, हे आपण सगळेच ऐकून आहोत. इथे तो प्रश्नपत्रिकेतच आला. कार्डं झकास झाली. बी, वेल, फूल, कोवळा भोपळा. राजेश्वरीने ती पाहिली आणि "आजी, आजी" म्हणत टाळ्या वाजवल्या. कौमुदीला वाटलं, झालं काम.

पण काम तिथेच अडलं. बी कुठलं? सरळ बोट, बरोबर. वेल? बरोबर. फूल? बरोबर. फुलानंतर काय येतं? की राजेश्वरीचे दोन्ही हात ओढणीखाली गडप. मान दुसरीकडे. पहिल्या दिवशी एकदाच तिचं बोट त्या कार्डाकडे गेलं होतं, तेही आखडलेलं. कौमुदीने सवयीने म्हटलं, "अं हं, सरळ," आणि बोट उलगडायला हात पुढे केला, तसा राजेश्वरीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यानंतर त्या कार्डाकडे हात म्हणून गेला नाही.

आता कौमुदीची खोड जागी झाली. कार्डावर उजेड चमकत असेल म्हणून तिने खिडकी बंद केली. डावीकडचं कार्ड उजवीकडे ठेवलं. फोटो मोठा करून आणला. हिरव्या रंगाची भीती असेल म्हणून हिरवी मिरची, हिरवी बांगडी, हिरवी बादली समोर ठेवली, तर राजेश्वरीने सगळ्यांना पटापट बोटं लावली. कामशेतच्या बाजारात टोपलीतल्या काकडीचा फोटो काढून आणला, फुलानंतर काय येतं म्हणून तोच समोर ठेवला, तर त्यालाही नेमकं बोट. तो काढून कोवळा भोपळा ठेवला, की हात ओढणीखाली.

"येत नसेल हो तिला," वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"न येणारं मूल रोज वेगळं चुकतं," कौमुदी म्हणाली. "ही रोज एकाच ठिकाणी अडते. काहीतरी आहे."

काय आहे ते मात्र तिला सांगता येईना. स्कूटरवर तेच, कणीक मळताना तेच. आईला फोन केला तर इंदिराबाई म्हणाल्या, "तू जेवलीस का ते सांग आधी."

चाचणीच्या आदल्या दिवशी सविता कॅन्टीनमधून सुटल्यावर थेट शाळेत आली. हाताला अजून पिठाचा वास होता. तिने कार्डं पाहिली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, ती काकडी दावती न्हवं? मग उद्याच्याला काकडीच ठेवा की. ह्यो भोपळा कशापायी?"

"सविताताई, काकडी ठेवली तर ती बोट लावेल आणि पास होईल. पण भोपळ्याला का लावत नाही, हे मला कळायला हवं. ती चित्र बघून उत्तर देतेय की नुसती सवयीने बोट ठेवतेय, ते त्याच्यातच आहे असं मला वाटतं."

सविताने हातातली कार्डं खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमाला कळाया पायजे म्हून माझी पोर घरी बसंल का?"

 कौमुदीला लाज वाटली. चौकशी करायची आपल्याला हौस, आणि किंमत कुणी मोजायची, तर या पोरीने. "अडलं तर काकडीच ठेवीन," ती म्हणाली. "शब्द देते." सविताने मान हलवली, पण तिचा चेहरा काही निवळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. सुहास सर वेळेवर आले, खुर्ची भिंतीला लावून बसले. सविता रजा टाकून दाराबाहेर उभी होती. राजेश्वरीच्या वेणीला नव्या लाल रिबिनी होत्या, अमृताने सकाळी लवकर येऊन बांधलेल्या. कौमुदीने काकडीचं कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवलं होतं. भोपळा ठेवून बघायचा, अडलं की लगेच बदलायचा, असं तिचं ठरलं होतं.

बी कुठलं? राजेश्वरीने सरळ बोट टेकवलं. सरांनी मान डोलवली. वेल? बरोबर. फूल? बरोबर, आणि वर एक हसू. सर खुर्ची थोडी पुढे घेऊन बसले. कौमुदीने कोवळ्या भोपळ्याचं कार्ड ठेवलं, शेजारी म्हशीचं आणि बादलीचं.

"राजी, फुलानंतर काय येतं? दाखव."

हात ओढणीखाली गेले. मान खिडकीकडे वळली. बाहेर कुठेतरी कंपनीचा भोंगा वाजला आणि थांबला.

"राजी, बघ बरं इकडे. फुलानंतर काय?"

काही नाही. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला. "राहू द्या मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला त्रास नको." दाराबाहेर सविताने पदर तोंडाशी धरलेला कौमुदीला दिसला. आपण या दोघींचा घात केला असं तिला वाटलं. तिने पिशवीत हात घातला. काकडीच्या कार्डाची कड बोटांना लागली.

तेवढ्यात सरांनाच राहवलं नाही. शेवटी मास्तर तो मास्तर. ते पुढे झुकले आणि मायेने म्हणाले, "घाबरू नको बाळ. हे बघ, हा भोपळा," आणि त्यांनी आपलं बोट त्या कोवळ्या भोपळ्यावर ठेवलं.

"नको!"

राजेश्वरी ओरडली ती अशी की खिडकीतली चिमणी उडाली. तिने झडप घालून सरांचं बोट धरलं. ते आखडून मोडलं आणि तसंच्या तसं सरांच्या तोंडाशी नेलं. सर बघतच राहिले. तिने बोट त्यांच्या ओठांवर दाबलं, सोडेना. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"राजे! अगं सरांना हात लावतीस?" सविता धावत आत आली. कौमुदी उठली. पण सरांनी दुसऱ्या हाताने दोघींना थांबवलं. ते राजेश्वरीच्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग त्यांनी तोंड उघडलं, आपलं बोट दातांमध्ये धरलं आणि चावलं. चांगलं करकचून, वळ उठेल असं.

राजेश्वरीने ते बोट उलटसुलट करून तपासलं. "बस," ती म्हणाली आणि खाली बसली.

सरांनी बोटावरचा वळ पाहिला. मग सर हसायला लागले, आणि त्यांचं पुस्तकी बोलणं कुठल्या कुठे गेलं. "कवळ्या फळाला बोट दावलं की सडतंय ते," ते म्हणाले. "चुकून दावलंच, तर बोट चावायचं. आमची आजी लय बोलायची त्यापायी. म्या पार इसारलोच हुतो."

"आत्याबाईंनी, म्हंजी हिच्या आजीनं, लावलीय सवय," सविता घाबरत घाबरत म्हणाली. "वेलाकडं निघालं की पयलं त्येच सांगत्यात. दावायचंच आसंल तर बोट मोडून दावायचं. लहानपणापासनं. पर हितं कागदावर ती आसं करंल, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं, बाई."

बोट मोडून. कौमुदी परत खुर्चीवर बसली. वर्षभर ती ज्या बोटाला सरळ करत होती, ते बोट राजेश्वरी आधीपासून बरोबरच धरत होती. आणि या कार्डापाशी आल्यावर त्या पोरीने करायचं तरी काय? सरळ बोट दाखवलं तर आजीचा भोपळा सडणार. मोडून दाखवलं तर बाई सरळ करायला लावणार. म्हणून तिने हातच लपवले होते. दोघींचाही शब्द तिने मोडला नव्हता. कौमुदीला एकदम रडू आलं आणि एकदम आनंदही झाला, आणि दोन्ही लपवायला तिने उगीचच कार्डं सरळ केली.

तिला आठवलं, लोणावळ्याच्या परसातल्या काकडीच्या वेलापाशी इंदिराबाईंनी तिलाही हेच बजावलं होतं. तेव्हा कौमुदीने काय केलं असेल? खरंच सडते का बघायला ती रोज एकाच काकडीला जाऊन बोट दाखवायची. काकडी सडली. पावसाने सडली, असं कौमुदीचं म्हणणं होतं, आणि त्याबद्दल तिने पाठीत धपाटाही खाल्ला होता. एवढं सगळं करून ती ते विसरूनही गेली होती.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कार्ड हातात घेतलं, कडेला धरून, बोट न दाखवता. आवाज पुन्हा शाळेतला झाला. "पण मॅडम, हा तर फोटो आहे. फोटोतला भोपळा कुठे सडतोय?"

आणि बोलता बोलता ते थांबले. आपण कौमुदीला काय विचारलं होतं, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी कार्ड राजेश्वरीसमोर धरलं.

"कुणाचा गं हा भोपळा?"

"आजी," राजेश्वरी म्हणाली. मग हाताने लांब घराकडे दाखवलं, छपराएवढा हात उंच केला, आणि पुन्हा म्हणाली, "आजी."

कौमुदीने पिशवीतून काकडीचं कार्ड काढून याला राजी नेमकं बोट लावते असं सांगितलं, तसं सरांनी तेही निरखून पाहिलं. "टोपलीतली काकडी दाखवते म्हणालात ना?"

"हो. ती तोडलेली काकडी आहे," कौमुदी म्हणाली. तिचं तिलाच आता एकेक उलगडत होतं. "तोडलेल्याला बोट चालतं. वेलावरच्या कोवळ्याला चालत नाही. कुठला फोटो कशाचा, हे तिला कळतं सर. तुम्हाआम्हाला तो कागद वाटतो. तिला त्यात घरचा वेल दिसतो."

"मग चाचणी पुरी करा," सर म्हणाले.

कौमुदीने कार्ड पुन्हा टेबलावर ठेवलं. म्हशीचं एका बाजूला, बादलीचं दुसऱ्या. स्वतःची तर्जनी आखडून तिने राजेश्वरीला दाखवली. "राजी, फुलानंतर काय येतं? अशी मोडून दाखव."

राजेश्वरीने आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं. पाहणारच! वर्षभर सरळ, सरळ म्हणून मागे लागलेली बाई आज बोट मोड म्हणतेय. तिने आईकडे पाहिलं. सविताने डोळे पुसत मान हलवली. मग ओढणीखालून हात निघाला, बोट आखडलं आणि सांधा कोवळ्या भोपळ्यावर अलगद टेकला, जरासुद्धा दाब न देता.

त्या दिवशी कौमुदी स्कूटरवरून परत आली ती आईला फोन लावतच. "आई, ती काकडी पावसानेच सडली होती ना गं?" इंदिराबाईंना काही समजलं नाही, पण त्या लेकीला पुरत्या ओळखून होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या बोटाने."

जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं. राजेश्वरीला पहिल्या खिडकीजवळचा बाक मिळाला, शेजारी अमृता. पहिल्याच आठवड्यात कौमुदी सरांशी पुढच्या चाचण्यांचं बोलायला गेली होती, तेव्हा दारात दोघी उभ्या राहिल्या. दोघींच्या मध्ये एक पिशवी आणि पिशवीच्या वजनाने दोघी वाकलेल्या. झुंबरबाईने भोपळा पाठवला होता. सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कुरकुरलं. पिवळट तांबूस, गोल गरगरीत, देठ वाळून लाकडासारखा झालेला.

"त्योच," अमृता धापा टाकत म्हणाली. "फोटूतला."

सरांनी मुद्दाम दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आम्ही नाही बाबा काही दाखवणार," ते म्हणाले. "परत बोट चावायला लागायचं."

राजेश्वरी हसली. ती भोपळ्याजवळ गेली. देठ हाताने चाचपला. आजी करते तसं बोटांच्या सांध्यांनी वर टकटक वाजवून कान लावून ऐकलं. मग वळून कौमुदीकडे पाहिलं, तर्जनी सरळ केली, अगदी ताठ, वर्षभर शिकवली होती तशी, आणि त्या पिकलेल्या भोपळ्यावर नेमकी टेकवली.